घर उघडं, दिवाळी झाली, आणि नाताळला अकरा माणसं येतायत : काय करू?

आगरातली
लोकहो, राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. घर गुहागरच्या दक्षिणेला, वेळणेश्वर-हेदवी पट्ट्यात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, वय शंभरीच्या आसपास. आम्ही तिघं राहतो: मी, हे आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. गेल्या पावसात सासूबाई रात्री मागीलदारी जाताना परसात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हाच ठरवलं की पडवीचा कोपरा घेऊन घरातच न्हाणीघर-संडास करायचा. हात घालतोच आहोत तर पश्चिमेच्या पाख्याचे (छपराच्या त्या उताराचे) कुजलेले वासे बदलू, वायरिंग करू, माजघराची जमीन करू... मारुतीचं शेपूट.

गणपतीची पाठ फिरली आणि काम सुरू झालं. कंत्राटदार म्हणाला, दिवाळीला नव्या घरात पहिली आंघोळ. पहिली आंघोळ झाली विहिरीवर, चिऱ्यांच्या ढिगाऱ्याआड साडी बांधून. कारीट फोडायला तुळशीपाशी जागा नव्हती, ते आम्ही सिमेंटच्या गोणीवर ठेवून फोडलं. फराळ गोठ्यात केला. (गुरं नाहीत आता, घाबरू नका.) सोऱ्यात इतकी धूळ गेली की चकल्यांना काटा कमी आणि सिमेंटचं ग्रेड जास्त.

आजची स्थिती: पश्चिमेच्या पाख्यावर निळी ताडपत्री. परतीचा पाऊस जातो म्हणतो आणि चार वाजता गडगडत परत येतो. माजघर उकरलेलं. न्हाणीघराच्या भिंती छातीपर्यंत. बाहेरची कामगार मुलं छठला गावी गेली, गावातले गडी भातकापणीत. सुतार "शुक्रवारी येतो" म्हणतो. कुठल्या, ते सांगत नाही.

आणि काल सकाळी आठ वाजता डोंबिवलीहून दिरांचा फोन. "वहिनी, २४ डिसेंबरची तिकिटं उघडली, काढून टाकली. अकरा जण."

तर प्रश्न असे. सासूबाईंना घेऊन याच घरात राहायचं की कामापुरती गावात खोली बघायची? पैसे आणि दिवस दोन्ही कमी आहेत, तर आधी काय उरकू? आणि दिरांना नको म्हणू का?

कौलारू
आधी छप्पर. मग छप्पर. मग बाकीचं.

डोंबिवलीकर_दीर
मी ते दीर नव्हे, पण कुणाचा तरी दीर आहे आणि डोंबिवलीतच राहतो, म्हणून बाजू मांडतो. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. त्या दिवशी आठ वाजता बोट बटणावर नसेल तर २४ डिसेंबरला कोकण रेल्वेत उभं राहायला जागा मिळत नाही. घर झालंय का हे विचारून तिकीट काढायची चैन आम्हाला नाही. येऊ, ओटीवर झोपू, पण येऊ.

पोफळफूल
@डोंबिवलीकर_दीर, ओटीवर झोपाल हो, सकाळी जाल कुठे? अकरा जण आणि छातीपर्यंतच्या भिंती.

डोंबिवलीकर_दीर
हा मुद्दा लक्षात आला नव्हता.

साइटवरचा
सिव्हिलमध्ये बावीस वर्षं, त्यातली पंधरा रत्नागिरी-चिपळूण. सरळ उलटं मोजा. २४ डिसेंबरपर्यंत तुमच्या हातात ५८ दिवस आहेत. कामगार परत येऊन पुन्हा हात बसेपर्यंत दहा-बारा गेले असं धरा. उरले पंचेचाळीस. त्यात पूर्ण घर होत नाही. न्हाणीघर, पश्चिमेचा पाखा आणि झोपायच्या दोन खोल्यांची वायरिंग, एवढं नक्की होतं.

क्रम चुकवू नका. वासे-रिपा-कौलं, मग भिंतीत वायरिंगच्या आणि पाण्याच्या झिऱ्या (खाचा), मग गिलावा, मग फरशी, मग सुताराची दारं, शेवटी रंग. पाहुणे येणार म्हणून लोक रंग आधी काढतात आणि मग त्याच भिंतीत प्लंबर छिन्नी घालतो. हे मी दरवर्षी नाताळच्या आधी बघतो.

आता पाणी मारण्याचं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि आपल्याकडे दुकानात मिळतं ते बहुतेक राखमिश्रित पीपीसी, त्याला दहा दिवस धरा. लोकांना वाटतं थंडीत पाणी कमी मारलं तरी चालतं. कोकणातली थंडी म्हणजे काय, पहाटे गोधडी आणि अकराला घाम. उलट डिसेंबरात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो कोरडा असतो. गिलावा त्याने वरून सुकतो, आत कच्चा राहतो, आणि आठ दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. ओली गोणपाटं टांगा. गवंडी मारेल पाणी, या भरवशावर राहू नका.

न्हाणीघराला फरशी लावण्यापूर्वी तळाला वॉटरप्रूफिंग करून, मोरीला बोळा कोंबून, चार बोटं पाणी भरून ठेवा. दोन दिवस. खाली किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली तर तेव्हाच कळेल. फरशीनंतर कळलं तर फक्त रडता येतं.

आणि वाळू कुठची, ते विचारा. खाडीची, न धुतलेली असेल तर परत पाठवा. मिठाला हवेतलं पाणी ओढायची खोड असते. दर पावसात भिंतीला लोणा येईल आणि रंगाचे पोपडे निघतील. क्रश (दगड फोडून केलेली वाळू) वापरा.

घर सोडायचं की नाही, त्यावर माझं मत: सोडा. धुळीत ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना ठेवू नका.

वेंगुर्ल्याची_आत्या
गो बाय, घर सोडू नको हां. साइटवरच्यांचा बाकीचा सगळा बरोबर आसा, ह्या एक चूक. आमच्या घराचा काम आठ म्हयने चलला. मी ल्येकीकडे जावन ऱ्हवलंय. गवंडी तुळशीच्या लग्नाक म्हणान गेलो, तो जत्रो करीत करीत, आज सोनुर्ली, उद्या आणखी खयची, शिमग्याक परत इलो. रोज फोन करी, "आत्ये, उद्या येतंय." खयचो उद्या ता तेकाच ठावक. शेवटाक मी सांगलंय, "बाबा, तू येव नको, तुझी थापी पाठवन दी, मी करतंय." दुसऱ्या दिवशी हजर! घरधनी नजरेसमोर नसलो काय दोन घमेली मालात दिवस काढतत.

फणसगरा
आत्येंची थापी फ्रेम करून लावा.

निळी_ताडपत्री
श्रीवर्धनहून लिहितोय. आयडी बघून कळलंच असेल. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारी दोन तासांत पाखा गेला, आगरातल्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. त्यात लॉकडाऊन. पत्रे नाहीत, कौलं नाहीत, कौलं चढवणारी माणसं नाहीत, वीज नाही, आणि चार दिवसांनी पाऊस. अख्खा पावसाळा आम्ही सहा जण एका खोलीत ताडपत्रीखाली काढला. कौलं चढली त्या वर्षीच्या डिसेंबरात.

म्हणजे तुमचं दुःख लहान असं म्हणायचं नाही. पण अनुभवाचं सांगतो, ताडपत्री पाख्यावर नुसती दगडं ठेवून टिकत नाही. आढ्यावरून पलीकडे दोन हात न्या आणि काथ्याने वाशाला बांधा, नायलॉन दोरी उन्हात तुटते. दगड असतील तर आजच काढा. रात्री वाऱ्याने दगड घसरला तर तो घरात पडतो. आमच्याकडे पडला, सुदैवाने पिठाच्या डब्यावर.

आगरातली
@निळी_ताडपत्री, वाचून लगेच यांना वर चढवलं. सात चिरे होते वर. सात! खाली सासूबाईंची खाट. आभार कसे मानू कळत नाही.

अनिवासी_काजू
एक बाहेरचा विचार. इतका खर्च करताच आहात तर एकदाच सगळं उतरवून स्लॅब का टाकत नाही? कौलं म्हणजे दरवर्षी मेमध्ये शाकारणी (कौलं उतरवून परत नीट लावणं), वानरं, गळती. स्लॅब टाकला की पन्नास वर्षं बघायला नको. आम्ही इथे दुबईत

अनिवासी_काजू
(अर्धवट पोस्ट झालं.) आम्ही इथे दुबईत समुद्राकाठीच राहतो, सगळं काँक्रीट आहे.

कौलारू
दुबईत पाऊस किती पडतो हो?

साइटवरचा
@अनिवासी_काजू, स्लॅबला माझा विरोध नाही, माझं पोट त्यावर आहे. पण रत्नागिरीच्या पट्ट्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारी हवा सळी खाते. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळीवर ४५ मिमी आवरण हवं. साइटवर काय असतं? सळीखाली खडीचा तुकडा सरकवतात, वीस मिमी मिळालं तर नशीब. दहा वर्षांत सळी गंजते, फुगते, आणि छताचे पापुद्रे ताटात पडतात. व्यवस्थित केला तर स्लॅब छान. पण तो कोण करतो, हे मला माहीत आहे.

पोफळफूल
आमच्या वाडीत चौदा स्लॅबची घरं आहेत. चौदाच्या चौदांवर नंतर पत्र्याची शेड चढवलीय. म्हणजे आधी स्लॅबचे पैसे, मग स्लॅब भिजू नये म्हणून पत्र्याचे.

अनिवासी_काजू
पण शेडमध्ये कपडे वाळत घालता येतात.

पोफळफूल
हे मात्र खरं. पावसात दुसरीकडे कुठेच वाळत नाहीत. माघार घेते.

चुलत_नंबर_पाच
तुम्ही सगळे भाग्यवान. आमचं घर दुरुस्त करायचं तर सामाईक उताऱ्यावर तेवीस नावं. त्यातली सहा वारलेली, दोन बडोद्यात, एक कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. एकजण दर गणपतीत येतो आणि ओटीच्या खांबाला हात लावून म्हणतो, "हा आमच्या वाटणीतला." खांब तेवढा त्याचा. छप्पर कुणाचंच नाही. गेल्या पावसात खांब उभा आणि छप्पर खाली.

फणसगरा
मग आता तो खांब घेऊन गेला का?

चुलत_नंबर_पाच
नाही. आता त्याचं म्हणणं, छप्पर पडल्याने त्याच्या खांबाचं नुकसान झालं.

खडूफळा
(निवृत्त शिक्षक, राजापूर.) थोडं अवांतर, पण उपयोगाचं. जांभा आणि बाकी दगड यात मोठा फरक आहे. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, म्हणून चौकोनी कापता येतो. हवेत राहिला की त्यातली लोहद्रव्यं घट्ट होतात आणि दगड कडक होत जातो. फ्रान्सिस बुकाननने मलबारात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. म्हणजे साहेबानेही शेवटी गवंड्याचाच शब्द घेतला.

मुद्दा असा की पावसाळ्यात चिरेखाणी पाण्याने भरतात आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. आत्ता जो चिरा ट्रकमधून येईल तो ताजा आणि पाणी प्यायलेला असेल. जुने लोक चिरा काढून अंगणात रचून ठेवत, मग बांधत. न्हाणीघराच्या उरलेल्या भिंतीला शक्य असेल तर तुमच्याच गडग्याचा जुना चिरा वापरा. आणि जुन्या भिंतींवर प्लॅस्टिक पेंट फासू नका. ती भिंत पाणी घेते आणि सोडते. तोंड बंद केलं की ओल आत अडकते आणि रंगच सोलून निघतो. चुना बरा.

कौलारू
गुरुजी, कौलांचंही सांगा ना. मंगलोरी कौल 'आपलं पारंपरिक' म्हणून मिरवतो आपण, पण त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला. त्याआधी कोकणात कुंभाराच्या चाकावरचे नळे होते नाहीतर गवत. परंपराही कधीतरी बोटीतून उतरलेली असते.

नियमबाई
@आगरातली, समुद्रापासून किती अंतर? सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-नियंत्रण पट्ट्यात) येत असाल तर असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती चालते, पण जोत्याचं क्षेत्रफळ किंवा एफएसआय (जागेच्या प्रमाणातलं एकूण बांधकाम) वाढता कामा नये. न्हाणीघर जोत्याच्या बाहेर काढताय का? तसं असेल तर आधी ग्रामपंचायतीत बोला. नंतर तक्रार करणारे बहुधा आपलेच असतात.

चुलत_नंबर_पाच
+१. खांबवाले.

आगरातली
पडवीच्या आतच आहे, जोतं वाढत नाही. पण तरी यांना असेसमेंटचा (घरपट्टीचा) उतारा घेऊन पंचायतीत पाठवते.

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. खोली बघितली, सासूबाई येणार नाहीत म्हणाल्या. त्यांचं वाक्य: "मी लग्न होऊन आले तेव्हा या घराचा हा पाखा उघडाच होता. झालं ते पुरं करून मरेन." पुढे काय बोलणार. म्हणून त्यांची खाट पूर्वेच्या खोलीत हलवली, दाराला जुन्या लुगड्यांचे दोन पडदे ओले करून लावलेत, धूळ बरीच अडते. स्वयंपाक गोठ्यातच.

आता खरा वाद माझा आणि घराचा. माजघराची जमीन उकरलीय ना, माझं म्हणणं होतं की ती पुन्हा चोपून शेणाचीच करू. गार, पायाला मऊ, आणि शेणाने सारवलेल्या माजघराचा तो वास. दिरांना चकचकीत विट्रिफाइड हवी. काय करू?

अनिवासी_काजू
शेणाचीच! प्लीज! ते कुठेच राहिलं नाहीये आता. माझ्या आजीच्या घराची जमीन अजून स्वप्नात येते.

सारवणारी
@अनिवासी_काजू, आजीच्या स्वप्नात काय यायचं, कधी विचारलंत?

मी पंधरा वर्षं सारवलं. दर आठ दिवसांनी, सणाला त्याआधी. शेण आणायचं, कालवायचं, गुडघ्यांवर बसून मागे मागे सरकत यायचं, मग ते वाळेपर्यंत पोरांना हाकलत बसायचं. पाटीभर शेण आता विकत मिळत नाही आमच्या वाडीत, गुरं आहेतच कुणाकडे? आणि पावसात ती जमीन ओलसर, उधई खालून वर येते, कणगीपर्यंत पोचते. ज्याला शेणाची जमीन हवी त्याने ती सारवायला यावं. ही एकच अट घाला, मग बघा किती जणांना हवी असते.

अनिवासी_काजू
...

डोंबिवलीकर_दीर
दुबईची लाइन गेली बहुतेक.

पोफळफूल
सारवणारी, टाळ्या. पण थोडी दुसरी बाजू. मला अजूनही सारवायला आवडतं. हाताची एक लय लागते. मात्र मी फक्त तुळशीपुढचं चार हात खळं सारवते आणि आत फरशी आहे, म्हणून आवडतं, हेही कळतं मला.

साइटवरचा
विट्रिफाइड घ्यायचीच तर मॅट घ्या. चकचकीत फरशीला पावसाळ्यात घाम सुटतो, आणि जिच्यासाठी न्हाणीघर बांधताय तीच माजघरात घसरेल. माझं ऐकाल तर लाल ऑक्साइडचा कोबा, म्हणजे रंग घालून घोटलेली सिमेंटची जमीन. खर्च कमी, गुळगुळीत पण चिकट, आणि वापरून वापरून चमकतो. फक्त घोटणारा जुना गवंडी शोधा. आणि पाणी, पाणी, पाणी.

आगरातली
आज तुळशीचं लग्न लावलं. वृंदावन ढिगाऱ्यात होतं, ते बाहेर काढायला यांना आणि शेजारच्या मुलाला पूर्ण दुपार लागली. ऊस, चिंचा, आवळे, सगळं यथासांग. अंतरपाट म्हणून पडद्याचंच एक लुगडं. मंगलाष्टकं चालू असताना मागे ताडपत्री फडफडत होती.

लग्न लागल्यावर चुरमुरे खात बसलो होतो, तेव्हा सासूबाईंना विचारलं, माजघराला काय करायचं. मला वाटलं होतं त्या शेणाचीच म्हणतील, आणि मग मी दिरांना ऐकवेन. त्या म्हणाल्या, "साठ वर्षं मी सारवलं. तू सारवशील म्हणतेस, तुझे गुडघे बघितलेस? लाल कोबा करा. माझ्या माहेरी होता."

साठ वर्षांत त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, असंही असेल.

सारवणारी
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

वेंगुर्ल्याची_आत्या
म्हातारे माणूस बोलणत नाय, पण सगळा ठरवन ठेवलेला आसता. माझो पण नमस्कार.

फणसगरा
सुतार आला का?

आगरातली
शुक्रवारी येतोय.

पाणचूल
एक बारीक गोष्ट. न्हाणीघरात गिझर लावणार असाल तर व्होल्टेज बघून घ्या. आमच्याकडे डिसेंबरात, सगळे एकदम सुट्टीला आले की सकाळी सातला गावातल्या सगळ्या गिझरांचे दिवे मंद होतात आणि पंखा वृद्धासारखा फिरतो. मागीलदारची पाणचूल पाडू नका. पातेरा, झावळ्या, नारळाची सोडणं, सगळं जळतं त्यात आणि पंधरा माणसांचं पाणी निघतं. (आयडीमुळे माझी बाजू एकतर्फी वाटेल. आहेच.)

आगरातली
पाणचूल पाडली असती तर सासूबाईंनी मला पाडलं असतं. आहे जागेवर.

खडूफळा
नव्या वाशांना वाळवीसाठी काय लावणार? आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात. वाळवी लागत नाही, पण हातमोजे घाला. कातडीवर पडलं तर फोड येतात. माझ्या विद्यार्थ्याने उघड्या हाताने लावलं होतं, आठ दिवस पेन धरता आलं नाही. तो मात्र त्यावर खूश होता.

(मध्ये बरेच दिवस धागा शांत.)

कौलारू
धागाकर्ती, जिवंत आहात ना? १० डिसेंबर उजाडला.

आगरातली
जिवंत. थंडी पडलीय, पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि हापूसच्या झाडाला मोहोराचे डोळे दिसतायत, म्हणजे सगळं वेळेवर आहे, आमचं घर सोडून.

हिशोब देते. पाखा झाला. कौलं जुनीच परतून लावली, दीडशे नवी घ्यावी लागली. न्हाणीघरात दोन दिवस पाणी भरून ठेवलं (@साइटवरचा), दुसऱ्या दिवशी पडवीच्या कोपऱ्यात ओल दिसली. गवंड्याचं म्हणणं, "ती जुनीच आहे." मी म्हटलं, भिंत महिन्यापूर्वीची आहे. पाइपाच्या भोवती नीट भरलं नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा पाणी भरलं, आता कोरडं. चार दिवस गेले. फरशीनंतर कळलं असतं तर मी खरंच गोठ्यात राहायला गेले असते.

कोबा घोटायला असगोलीकडचा एक म्हातारा गवंडी मिळाला. दोन दिवस एकटा बसून घोटत होता, आणि सासूबाई दारात खुर्ची टाकून बघत होत्या. दोघं एक शब्द बोलले नाहीत. जाताना तो एवढंच म्हणाला, "आजी, दहा दिवस पाय नको." आज चौथा.

दारं नाहीत. शुक्रवार.

डोंबिवलीकर_दीर
मग मूळ प्रश्न राहिला. दिरांना काय सांगितलंत?

आगरातली
खरं सांगितलं. की दोन खोल्या, ओटी, एक नवं न्हाणीघर, एक जुनं परसातलं, आणि दारं नाहीत. यायचं तर या, पण पाहुणे म्हणून नको. दोन दिवस फोन नाही. मग जाऊबाईंचा आला: "आम्ही येतो, मी स्वयंपाकाचं बघते, तू बसायचं." सोळा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

सारवणारी
स्क्रीनशॉट काढून ठेवायला हवा होता. फोन होता म्हणे. वाईट वाटलं.

साइटवरचा
कोब्याला पाणी कोण मारतंय?

आगरातली
मी. सकाळ-संध्याकाळ, गोणपाटावरून. तुमच्या पोस्टची भीती वाटते मला.

आगरातली
२८ डिसेंबर. आज सकाळी सात जण परतले, चार अजून आहेत.

न्हाणीघर पहिल्यांदा सासूबाईंनी वापरलं, २३ तारखेला रात्री. बाकी सगळ्यांना त्या आधी जाऊन येईपर्यंत बंदी होती. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "दिवा फार मोठा आहे." बस.

दाराच्या जागी लुगडं. आत कुणी असलं की तांब्या वाजवायचा, असा नियम पुतणीने केला. अकरा माणसं, एक तांब्या. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या तांब्याची ओळख पटायला लागली होती. दिरांनी डोंबिवलीहून येताना फरशीची तीन सॅम्पलं आणली होती, अजून पिशवीतच आहेत. कोब्यावर पहिल्या रात्री ते अनवाणी फिरून आले, मग तिथेच सतरंजी टाकून झोपले. गार लागतो म्हणून पहाटे उठून गोधडी शोधत होते.

सुतार २६ तारखेला आला. शुक्रवारच होता.

फणसगरा
शब्दाचा पक्का माणूस.

चुलत_नंबर_पाच
आमच्याकडेही हालचाल आहे. खांबवाल्याने निरोप पाठवलाय, खर्च केलात तर तो खांब द्यायला तयार आहे.

अनिवासी_काजू
आगरातली, मी मेमध्ये गावी येतोय. आईने सांगितलंय की यायचं तर आठवडाभर अंगण सारवायचं. हा धागा तिला कुणी दाखवला?

सारवणारी
:)

आगरातली
मेमध्ये आमच्याकडे पूर्वेच्या पाख्याची शाकारणी आहे. त्याचे वासे तसेच राहिलेत. दिरांना आत्ताच सांगून ठेवलंय, येणाऱ्याने कौलं खाली द्यायची.

डोंबिवलीकर_दीर
मेची तिकिटं मार्चमध्ये उघडतात. मी त्या दिवशी गजर लावत नाहीये.